फणसावरचा फोन

आमच्या घरातल्या पहिल्या मोबाइलबद्दल मी जे सांगतो, त्यातलं निम्मं लोकांना पटत नाही, आणि उरलेलं निम्मं मी सांगायलाच धजावत नाही. विटेएवढा जाड, बटणांचा फोन. एकदा माकडाला फेकून मारला, ते माकड तालुका सोडून गेलं. विहिरीत पडला, कळशीतून वर आला; आईने झटकून कानाला लावला तर आधी बेडूक बोलला, मग मुंबई लागली. एकदा चार्ज केला की गणपतीपासून शिमग्यापर्यंत बघायला नको.

आताचा माझा फोन पापडासारखा पातळ आहे आणि माझं तोंड बघून उघडतो. म्हणजे उघडायचा. हल्ली सकाळी कवळी लावल्याशिवाय मला ओळखत नाही. तो जुना ठोकळा मात्र अंधारातसुद्धा माझा अंगठा ओळखायचा.

आमचं घर हातखंब्याहून आत, डोंगराच्या पार पोटात. रेंज यायची ती नको असलेल्या पाहुण्यासारखी अंगणापर्यंत, तिथूनच परत. फक्त फणसाच्या एका फांदीवर ती बसून राही. म्हणून फोन पिशवीत घालून त्या फांदीला टांगलेला. गावात प्रत्येक घराचं असं एक झाड ठरलेलं होतं. पहाटे अख्खी वाडी फणसा-आंब्यांवर किणकिणायची.

वडील मुंबईला गोदीत. रात्रीच्या एसटीने निघायचे आणि फटफटताना हातखंब्याला उतरले की मिस्ड कॉल द्यायचे. अर्थ ठरलेला : आलो, पाणी तापव. तो फोन उचलायचा नसे. एकदा पाहुणे आलेले काका भाबडेपणाने फणसाकडे धावले, तर आई न्हाणीतून ओरडली, "हात लावू नका हो भावोजी! ह्यांचा आहे तो!" जणू फोन नव्हे, वडिलांची अंघोळच उचलून नेत होते.

तर अशाच एका पहाटे फोन वाजला. थांबला. परत वाजला. परत थांबला, परत वाजला. असं कधी होत नसे. आई चुलीवर हंडा चढवता चढवता हसली, "आज भारीच घाई दिसत्ये ह्यांना. वाजू दे."

पाणी उकळलं. मग निवलं.

वडील हातखंब्याच्या थांब्यावर बाकड्यावर बसलेले सापडले. मान खाली, त्यांचा फोन मुठीत. मूठ सोडवायला दोघं लागले.

त्यानंतर फणसावरचा फोन मुका झाला. बॅटरी पुरीसारखी फुगली, ती मी माझ्या हाताने काढून टाकली. रिकामं टरफल आईने फांदीवरून काढू दिलं नाही. पुढल्या वर्षी एका पहाटे मी अंथरुणासकट उडालो. फणसावर फोन वाजत होता. तीच धून. थांबला, परत वाजला.

आई शांतपणे उठून बसली. "ह्यांचा आला," म्हणाली.

मी काठी घेऊन बाहेर धावलो. भूत असतं तर बरं झालं असतं, निदान काठी वाया गेली नसती. फांदीवर भृंगराज बसला होता. कोतवालाचाच थोरला भाऊ, काळाकुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा, अगदी अँटेना. ऐकेल ते बोलणारा पक्षी. त्याने आमचा फोन पाठ केला होता, थांबण्यासकट.

माझे केस गेले, दात गेले, हातात नवे नवे फोन येऊन गेले. पण ती धून दर पहाटे फणसावर तशीच.

"आई, पक्षी आहे गं तो."

"पण तो तर किती वर्षं वाजतोय. पक्षी एवढे जगतात?"

"पोरं असतील त्याची. बाप शिकवत असेल."

"तेच तर म्हणत्ये मी, मेल्या."

यंदा आई न्हाणीत पडली. डोळेही गेल्यात जमा. डॉक्टर म्हणाले, आता एकटं ठेवू नका. मी शहरात, मांडवीच्या माझ्या फ्लॅटमध्ये तिची खोली तयार केली. ती हटून बसली.

"येईन. पण एकदा तो उचलू दे मला. तेव्हा उचलला नाही, ते सलतं."

न्यायच्या दिवशी पहाटे तिला हाताला धरून फणसाखाली नेलं. पिशवीतून टरफल काढून दिलं. वाऱ्याचं नाव नव्हतं. धून सुरू झाली.

यापुढे मी एक कण वाढवलेला नाही, म्हणून ह्यावर कुणीच विश्वास ठेवत नाही. मी वर पाहिलं. फांदी रिकामी होती. भृंगराज गोठ्याच्या कौलांवर बसला होता, चोच मिटून, मान तिरकी करून. आमच्यासारखाच ऐकत.

आईने अंगठ्याने बटण चाचपलं आणि दाबलं. धून मधेच तुटली, कुणी फोन उचलल्यावर तुटते तशी. इतक्या वर्षांत ती कधी अर्धी राहिली नव्हती.

आईने टरफल कानाला लावलं. बराच वेळ नुसती "हं, हं" करत राहिली. शेवटी म्हणाली, "ठेवत्ये," आणि माझ्याकडे वळली. "चल. कुठे नेतोस ते ने."

हातखंब्याला मी गाडी हळू केली. ते बाकडं अजून आहे. शेवटी विचारलंच, "काय म्हणाले?"

आईने टरफल पदराने पुसलं आणि कनवटीला खोचलं.

"काय म्हणणार? म्हणाले, उचलायला एवढा वेळ लागतो का गं?"