वरखर्चाचा माग

बसमध्ये तिकिटं तपासणाऱ्या ह्या गृहस्थांना डेपोत सगळे घारसाहेब म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गाडीत चढले की ते लगेच तिकीट मागत नसत. दारातच उभं राहून आधी नजर फिरवत. ज्याच्याकडे तिकीट नाही तो एकतर खिडकीबाहेर बघायला लागतो, नाहीतर एकदम बोलका होतो. "फुकट्याला स्वतःचा खिसा सापडत नाही," असं ते नव्या तपासनीसांना सांगत.

नोकरीतला संशय नोकरीवर ठेवून घरी यावं, एवढं मात्र त्यांना कधी जमलं नाही. दूधवाल्याच्या मापात पाणी, वाण्याच्या काट्यात खोट, शेजाऱ्याच्या गोड बोलण्यात काहीतरी काळंबेरं. बायको बाजारातून आली की पिशवी खाली ठेवायच्या आत प्रश्न यायचा, "उरले किती?" त्यात राग नसायचा. दात घासावेत तशी ती सवय होती. बायकोही उरलेली मोड टेबलावर ठेवायची आणि आत जायची.

एकुलती एक लेक कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा फी आणि मेसचे पैसे ते परस्पर भरत आणि वरखर्चाला दर महिन्याला थोडे तिच्या खात्यात टाकत. पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, वरखर्चाला जरा जास्त पाठवाल का?"

"का गं?"

"असंच. झेरॉक्स खूप लागतात. मेसचं जेवणही कधीकधी जात नाही. आणि मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं म्हटलं तर..."

घारसाहेबांनी पैसे पाठवले, पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली. खऱ्याला एक कारण पुरतं. हिनं तीन दिली होती.

पुढं तिनं पुन्हा वाढवून मागितले, तेव्हा ते घरात येरझारा घालायला लागले. बायको ओट्यापाशी कढई घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "द्या की. परक्या गावात पोर अडायला नको."

ह्या बाईनं इतक्या वर्षांत पैशाच्या बाबतीत कुणाची वकिली केली नव्हती. घारसाहेबांनी तिच्या पाठीकडे बघितलं. कढई तर केव्हाच लखलखीत झाली होती.

म्हणजे मायलेकींचं संगनमत होतं. पण कशाबद्दल? त्यांच्या डोळ्यांपुढे एक पोरगा उभा राहिला. नीट मिशीही न फुटलेला, बुडाखाली मोटरसायकल, आणि त्या मोटरसायकलच्या टाकीत ह्यांच्या घामाचं पेट्रोल. आईला सगळं माहीत असणार. लग्नाच्या वेळीच आपल्याला कळणार, तेही बोलावलं तर!

त्यांनी रजा टाकली, घरी "डेपोचं प्रशिक्षण आहे" अशी थाप मारली आणि लेकीच्या शहराची गाडी धरली.

हॉस्टेलच्या भेटीच्या खोलीत लेक धावत आली ती घाबरूनच. "बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. सहज आलो होतो."

"तुम्ही? सहज?"

घारसाहेबांची नजर कामाला लागली होती. अंगातला ड्रेस गेल्या वर्षीचाच. चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला. खांद्यावरची पिशवी तर शाळेपासूनची. कानात, हातात नवं काहीच नाही. घारसाहेबांचा संशय त्यानं कमी व्हायच्या ऐवजी बळावला. पैसा जातोय आणि अंगावर दिसत नाही, म्हणजे तो दुसऱ्याच्या अंगावर जातोय.

ती त्यांना समोरच्या चहाच्या दुकानात घेऊन गेली. बसल्यापासून तिची बडबड सुरू होती. परीक्षा, रेक्टरबाई, खोलीतल्या मैत्रिणीचं घोरणं. मधूनच ती काचेबाहेर बघायची.

एकदम बोलकी, आणि खिडकीबाहेर नजर.

"पैसे कुठं जातात?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना बाबा, झेरॉक्स..."

"एवढ्या झेरॉक्समध्ये अख्खं कॉलेज छापून झालं असतं. कोण आहे तो?"

"कोण तो?"

"मला शिकवू नकोस. मुलगा कोण आहे?"

लेकीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. तिनं कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी तुमच्या गाडीतली फुकटी नाहीये."

"मग सांग की!"

"आईला देते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंच्या फोनवर पाठवते, त्या आईला रोख देतात. जास्तीचे म्हणून जेवढे मागितले, तेवढे सगळे. आईनंच सांगितलं होतं, तू माग, तुला नाही म्हणणार नाहीत."

तो पोरगा घारसाहेबांच्या डोळ्यांपुढून मोटरसायकलसकट नाहीसा झाला होता आणि तिथं बायको उभी होती.

"तिला कशाला हवेत?"

"मी नाही विचारलं."

"विचारलं नाहीस? एवढे पैसे पाठवलेस आणि कशाला ते विचारलं नाहीस?"

"नाही," लेक म्हणाली. "आईनं मागितले ना."

परतीच्या प्रवासात गाडीत त्यांच्याच खात्यातला एक तपासनीस चढला. सगळ्यांची तिकिटं बघून त्यांना फक्त सलाम ठोकून उतरला. घारसाहेबांचं तिकडं लक्षही गेलं नाही. ते हिशेब लावत होते. माहेरी पाठवत असेल का? भाऊ तर खाऊनपिऊन सुखी. भिशी? लॉटरी? कुण्या बुवाच्या नादी लागली का? का एखादा आजार लपवतेय? आणि ह्या सगळ्यांखाली आणखी एक शंका होती, जिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

घरी आल्यावर त्यांनी चकार शब्द काढला नाही. लेकीनंही आईला कळवलं नसावं, कारण बायकोनं नेहमीसारखं पाणी दिलं आणि "झालं का प्रशिक्षण?" असं विचारलं. ते "झालं" म्हणाले.

दोनचार दिवसांनी दुपारपाळीला जातो म्हणून ते निघाले आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाआड थांबले. थोड्या वेळानं बायको खाली उतरली. बरोबर शिंपीणबाई. दोघींच्या खांद्याला एकेक पिशवी. हसतबोलत निघाल्या. घारसाहेब मागोमाग.

मोठा रस्ता ओलांडून त्या एका उंच भिंतीच्या आवारात शिरल्या. फाटकावर पाटी होती : नगरपालिका जलतरण तलाव.

हे कोडं काही त्यांना उलगडेना. तलावावर काय काम? तिथं कुणाला भेटतात? ते फाटकापाशी गेले, मागं आले, पुन्हा गेले. भिंतीला एक जाळी होती, तिच्यातून डोकावून बघायला लागले.

"ओ काका!" फाटकावरची रखवालदारीण काठी घेऊन उठली. "काय बघताय?"

"काही नाही. आमचं माणूस आत गेलंय."

"दुपारची वेळ बायकांची आहे. पाटी दिसत नाही? आणि मघापासून बघतेय मी, नुसते घुटमळताय."

"अहो बाई, मी सरकारी माणूस आहे. तपासनीस..."

"असे तपासनीस पुष्कळ येतात इथं जाळीला डोळे लावायला. थांबा इथंच. हलायचं नाही."

घारसाहेबांनी ओळखपत्रासाठी खिशात हात घातला. ह्या खिशात नव्हतं. त्या खिशात नव्हतं. चार बघे जमले. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि ते भडाभडा बोलायला लागले. आपली नोकरी, आपलं घर, आपली लेक. ते बोलत गेले तसतशी त्या बाईची नजर आणखी आणखी कडक होत गेली.

तेवढ्यात बायका बाहेर पडायला लागल्या. त्यांत त्यांची बायको होती. केस ओले, गाल लाल, कशावरून तरी शिंपीणबाईच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. असं हसणं घारसाहेबांनी घरात कधी ऐकलं नव्हतं. तिनं त्यांना बघितलं आणि हसू जागीच थांबलं.

"ताई, ओळखता का ह्यांना?" रखवालदारीण म्हणाली.

बायको लगेच बोलली नाही. तेवढ्या वेळात घारसाहेबांना वाटलं, ही आता नाही म्हणणार.

"माझे मिस्टर आहेत," ती म्हणाली. "सोडा त्यांना."

शिंपीणबाई काम आठवल्यासारखं करून पुढं सटकली. नवरा-बायको घराकडे निघाले.

"पोहायला?" निम्म्या रस्त्यात घारसाहेब म्हणाले.

"हो."

"ह्या वयात?"

"लहानपणी भाऊ नदीत उड्या मारायचे. मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायची. तेव्हापासून मनात होतं."

"मग मला मागायचे होतेस! मी नाही म्हटलं असतं का?"

"नसतं म्हटलं," बायको म्हणाली. "दिले असते. आणि मग विचारलं असतं, कुणाबरोबर जातेस, फी एवढी का, पोशाख काय भावानं घेतला, उरले किती. पाण्यात उतरायच्या आधीच मी बुडाले असते."

"पण पोरीला खोटं बोलायला लावलंस."

"ते चुकलंच माझं," ती म्हणाली. थोडं थांबून तिनं विचारलं, "आणि तुम्ही? प्रशिक्षण कुठं झालं?"



पुढच्या महिन्यापासून लेकीचा वरखर्च पूर्वीएवढा झाला आणि बाकीचे ते बायकोच्या हातात ठेवायला लागले. सोपं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी तोंडातून निघून गेलं, "उरले किती?" बायकोनं सगळे पैसे आणून टेबलावर ठेवले आणि त्या महिन्यात ती तलावावर गेली नाही. ते पैसे तसेच पडून राहिले. उचलावेत तरी पंचाईत, न उचलावेत तरी पंचाईत. शेवटी घारसाहेबांनीच ते तिच्या पिशवीत टाकले, चोरानं टाकावेत तसे, ती आंघोळीला गेलेली बघून.

संशय काही त्यांचा सुटला नाही. डेपोत ते शेवटपर्यंत घारसाहेबच राहिले. घरात फक्त तोंड मिटायला शिकले, तेही कधी जमायचं, कधी नाही. निवृत्त झाले त्या वर्षी तलावावरच्या बायकांनी समुद्रावर जायचा बेत केला. त्यांना पोचवायला घारसाहेब स्थानकावर गेले. गाडी सुटायच्या वेळेला प्रश्न ओठांशी गर्दी करायला लागले. त्यातल्या त्यात बरा निवडून त्यांनी खिडकीशी विचारला, "परत कधी येणार?"

"बघू," बायको म्हणाली आणि शिंपीणबाईशी बोलायला वळली.