चौथा पर्याय

माझ्या भाचीइतकं कमी बोलून दुसऱ्याचं एवढं डोकं खाणारं माणूस सगळ्या वाशिम जिल्ह्यात सापडायचं नाही. भावाची ही पोरगी डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी, त्या नीटसाठी, किन्हीराजाहून माझ्याकडे अनसिंगला राहायला आली. इथून बसने वाशिमचा क्लास जवळ पडायचा. त्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं दिलेली असतात. बरोबर असेल त्याचा गोल काळा करायचा. चुकलं तर मिळालेल्यातला मार्क कापतात, कोरं सोडलं तर काही जात नाही. परीक्षा वर्षातून एकदा, पण ही पोरगी बाराही महिने त्याच नियमानं जगायची. खात्री असल्याशिवाय तोंड उघडायची नाही. "भूक लागली का वं?" म्हटलं तर आढ्याकडे बघत बसायची. शेवटी म्हणायची, "आत्या, पर्याय दे."

"भाकर, पोळी, खिचडी, नाईतर उपाशी मर."

"तिसरा."

उन्हाळ्यात, खऱ्या पेपरच्याच वेळेला, भर दुपारी ती दाराला कडी लावून घरी पेपर सोडवायची. एकदा मी दळणाला गेले होते आणि भाऊ आंब्यांची पाटी घेऊन आला. दार ठोकून ठोकून बिचारा उन्हात भाजून निघाला. पेपर संपल्यावरच तिनं कडी काढली.

"काहून वं, बाप बाहेर मरून राह्यला, तुले आयकू नाई आलं?"

"आलं ना बाबा. पन पेपर सोडून कोनी उठते का?"

दोनदा नंबर हुकला, तसा भाऊ माझ्याच घरी तिला बघायला पाहुणे घेऊन आला. मुलाच्या मामानं विचारलं, "पोरी, पोरगा पसंत हाये का?" ती गप्प. आमच्याकडे अशा वेळी पोरगी गप्प राहिली की होकार धरतात. मामा म्हणाला, "लाजली! साखर आना." भाऊ उठलाही.

"बस खाली," मी त्याला म्हटलं. "लाजली नाई ते. प्रश्न सोडला तिनं."

"म्हंजे?"

"म्हंजे हो बी नाई अन् नाई बी नाई. कोरं हाये." मग तिच्याकडे वळून मी रीतसर विचारलं, "लगन आता करतं, पुढच्या साली करतं, करतच नाई, का डॉक्टर झाल्यावर पाहतं?"

"चौथा," ती ताडकन बोलली.

पाहुणे चहा पिऊन गेले. भाऊ कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या खेपेला तिचा नंबर लागला आणि ती पार कोकणातल्या कॉलेजात गेली. बोलत ती आधीही नव्हती, तरी घर आता जास्त गप्प वाटतं. खिचडी अजून दोघींची पडते. उरलेली मी सकाळी शिळी खाते.

पहिल्या वर्षी "दिवाळीले येतं का?" म्हटलं की लगेच "येतो" म्हणायची. आता तिला पेशंट असतात, ड्यूट्या असतात. परवा फोनवर विचारलं, "कधी येतं वं?" मग हळूच म्हणाली, "पर्याय दे, आत्या."

"दिवाळी. संक्रांत. उन्हाळा."

"अन् चौथा?"

"चौथा नाई."

तिकडून कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती काही बोलली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. माझं मन राखायला काहीतरी सांगून टाकणारी ती पोरगी नाही. मी फोन तसाच कानाला धरून बसले. कोरं तर कोरं.