जिवंत उदाहरण

माझ्या हातात माईक देऊ नये, असं माझी बायको लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. पण मुलुंडच्या आमच्या सोसायटीत बऱ्यापैकी मराठी बोलणारा आणि पूर्णपणे रिकामा असलेला माणूस मी एकटाच. त्यामुळे सव्वीस जानेवारीचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. खोटं कशाला सांगू, मी गळा आधीच पुढे करून ठेवलेला असतो.

सव्वीस जानेवारीला आमच्याकडे सकाळी झेंडा आणि दुपारी सत्यनारायण. प्रजासत्ताक आणि पूजा एकाच दिवशी का, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना सुट्टी असते, एवढं कारण पुरतं. सकाळी झेंड्याखाली संविधानाची प्रास्ताविका वाचतो तो माझा जुना मित्र. तीन मजल्यांची जुनी बिल्डिंग होती तेव्हा आमचे दरवाजे समोरासमोर होते. टॉवर झाल्यावर तो माझ्या दोन मजले वर गेला. "आता तरी मान्य कर, मी तुझ्यापेक्षा वरचा," असं लिफ्टमध्ये मला ऐकवतो.

मित्र बौद्ध आहे. दुपारच्या पूजेलाही येतो, मागच्या खुर्चीवर बसून गप्पा हाणतो, प्रसाद मात्र घेत नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या वडिलांनी दीक्षा घेतलेली. ते दारातच हसून सांगायचे, "आमच्यात चालत नाही हो." विषय संपला. माळकऱ्याला मटण चालत नाही, खालच्या जैन काकूंना बटाटा चालत नाही, तसा यांना प्रसाद चालत नाही. माझ्या आईनं सेक्युलर हा शब्द जन्मात ऐकला नसेल, आणि सोवळ्याओवळ्यानं तिनं आम्हाला छळ छळ छळलं. पण नैवेद्य दाखवायच्या आधी ती वाटीभर शिरा बाजूला काढायची आणि समोर पाठवायची. "प्रसाद नाही, नुसता शिरा आहे म्हणून सांग." तेच तूप, तेच केळं. फक्त देवापुढे न गेलेलं. वाटी चाटूनपुसून परत यायची.

मी मात्र तो सेक्युलर शब्द ऐकला होता. नुसता ऐकला नव्हता, त्यावर मासिकात लेखही लिहिला होता. मग वाट लागणारच.

यंदा मंडप, माईक आणि फोटोग्राफर एका भावी नगरसेवकानं दिले. गेली कित्येक वर्षं हा गृहस्थ बॅनरवर भावीच आहे. पूर्वी आमची पूजा जिन्याखाली व्हायची, आता तिला स्टेज आलं, स्टेजला मान्यवर आले, आणि देव जरा कोपऱ्यात सरकले. हे सगळं मला खटकत होतं. मी ठरवलं की भावींच्या माईकवरूनच भावींना धडा शिकवायचा. आरती झाली आणि मी सुरू झालो. आमच्या सोसायटीत जात नाही, धर्म नाही, वगैरे वगैरे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं चालायचं बंद होतं.

"याचं जिवंत उदाहरण म्हणजे माझा मित्र!" मी गरजलो. "सकाळी प्रास्ताविका वाचणारा माझा मित्र आता आपल्या पाहुण्यांच्या हस्ते सत्यनारायणाचा प्रसाद स्वीकारेल!"

भावींनी द्रोण उचलला. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. चारपाच मोबाइल वर झाले. मित्र मागच्या खुर्चीवरून उठला आणि माझ्याकडे बघत पुढे आला. त्या बघण्यानं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पण उशिरा. हात पुढे करावा तर वडिलांचं काय, न करावा तर समोर कॅमेरा.

त्यानं माझ्या हातातला माईक घेतला आणि शांतपणे म्हणाला, "सॉरी हं, मला शुगर आहे."

सगळे हसले. भावी म्हणाले, "काळजी घ्या, काका." पूजा सुखरूप पार पडली.

मित्राला शुगर नाही. त्याचे रिपोर्ट बघून मला जळायला होतं.

संध्याकाळी त्यानं मला पार्किंगमध्ये गाठलं. "कोणी सांगितलं होतं रे तुला मला जिवंत उदाहरण करायला? मेल्यावर कर ना!"

"अरे, मला वाटलं..."

"तुला काहीच वाटलं नाही, तू टाळ्या ऐकत होतास." मग त्याचा आवाज उतरला. "नाही म्हटलं असतं तर रात्रीपर्यंत व्हिडिओ फिरला असता, 'प्रसाद नाकारला.' मग कोण हा, कोणाच्या सांगण्यावरून नाकारला... याच गेटमधून रोज पोरगी येते-जाते माझी. माझा बाप दारात उभा राहून हसत नाही म्हणायचा. आणि मी? मी डायबेटीसच्या मागे लपलो. स्वतःच्या बिल्डिंगमध्ये."

मी म्हटलं, मी ग्रुपवर खुलासा टाकतो.

"खबरदार! तू आता काही म्हणजे काही टाकू नकोस."

पुढचे दिवस वाईट गेले. आमचे चेअरमन मूळचे कणकवलीकडचे, मनानं लोणी. त्यांच्या घरून मित्राकडे रोज सकाळी कारल्याचा रस जाऊ लागला. मीटिंगमध्ये त्याला वेगळा, बिनसाखरेचा चहा. जैन काकूंच्या सूनबाईंनी मेथीची पावडर पाठवली. सगळ्यांना त्याची काळजी होती आणि त्या काळजीनं तो आतून कुढत होता. लिफ्टमध्ये माझ्याशी बोलणं बंद. वरचा असल्याचंही सांगेना.

चौदा एप्रिलला तो दरवर्षी लॉबीत सगळ्यांना पेढे वाटतो. यंदाही आला, पांढराशुभ्र सदरा घालून. चेअरमननी पेढा उचलला आणि प्रेमानं दटावलं, "तू खाव नको हां!"

मित्र थांबला. आजच्या दिवशी, स्वतःच्या हातातला पेढा. भावींचा एक कार्यकर्ता तिथेच उभा होता, त्याच्या हातात फोन होता. ते मित्रानं पाहिलं. मग खोक्यातला एक पेढा उचलून अख्खा तोंडात टाकला.

"मला शुगर नाही," तो म्हणाला. "तेव्हा खोटं बोललो. मी बौद्ध आहे, मी प्रसाद घेत नाही."

कार्यकर्त्यानं आपला पेढा तसाच खोक्याच्या झाकणावर ठेवला आणि बाहेर गेला.

"अरे मेल्या," शेवटी चेअरमन ओरडले, "मगे तेव्हाच सांगूक काय झाला तुका? आमची ही पहाटे उठान तुझ्यासाठी कारली किसता!"

कुणीतरी खुदकन हसलं. सूनबाई म्हणाल्या, "मग माझी मेथीची पावडर परत द्या हं, काका." मित्रही हसला, पण त्याची नजर गेटकडे होती. मुलीची यायची वेळ झाली होती.

आता दोन शब्द बोलायलाच हवेत असं मला तीव्रतेनं वाटलं. सहिष्णुतेबद्दल एक छान वाक्य जिभेवर आलंही होतं. मित्रानं माझ्याकडे पाहिलं, खोकं पुढे केलं आणि म्हणाला, "तोंड भर."

मी दोन पेढे एकदम कोंबले आणि त्याच्यासोबत गेटपर्यंत चालत गेलो.