शेकून काढलेला सेन्सर

सकाळी सातला मी यवतमाळहून गाडी काढली, तेव्हा माझा थोरला मुलगा सुधीर फाटकात दात घासत उभा होता. तोंडात फेस, पण बोलणं काही थांबत नव्हतं.

"आई, आज पोळा आहे. रस्त्यात अडकलीस तर कोण येईल?"

"तुझी पुरणपोळी डब्यात आहे," मी म्हटलं. "तूप फडताळात."

"मी पोळीचं नाही विचारत!"

मला माहीत होतं तो कशाचं विचारत होता ते. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. गाडी धड चालत नाही, आई सत्तरीला आली, विकून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं आणि सून मान डोलावत होती. मी एवढंच कबूल करून घेतलं होतं, की संध्याकाळपर्यंत गाडी दुरुस्त होऊन आपल्या पायांनी दारात आली तर ती राहील. दुसऱ्याच्या दोरीनं ओढून आणावी लागली तर मी मुकाट्यानं किल्ली देईन.

आता ही गाडी माझी कोण, ते सांगते. यजमानांनी नोकरी संपल्यावर घेतली, जुनीच, पांढरी, आणि वर्षभरात ते गेले. ती दारात उभी राहून धूळ खायला लागली, ते मला बघवेना. माझी शाळा चौथीपर्यंत. पण गाडीसोबत आलेलं पुस्तक मी तीनदा वाचलं, चित्रं पाहिली, आणि चौपन्नाव्या वर्षी मोकळ्या मैदानात एकटीनं शिकले. दोन बाभळी मोडल्या, पण माणूस एकही नाही. तेव्हापासून बँक असो, बहिणीचं गाव असो, दवाखाना असो, मला कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागलं नाही.

आजार साधाच होता. इंजिनावर बोटाएवढा एक सेन्सर असतो. इंजिन तापलंय की गार आहे, हे तो गाडीच्या मेंदूला सांगतो. आमचा सेन्सर खोटं बोलायला लागला होता. तापलेल्या इंजिनाला गार म्हणायचा. मग गाडी नको तेवढं पेट्रोल पिऊन गुदमरायची आणि एकदा बंद पडली की तासभर चालू व्हायची नाही. नवा सेन्सर मी नागपूरहून मागवला होता, तो पर्समध्ये होता. पण जुना निघेल तर ना! गावातल्या एका गॅरेजवाल्यानं चुकीचा पाना लावून त्याचे सगळे कोपरे गोल करून टाकले आणि वर मलाच म्हणाला, "काकू, आता हा तुटणार. आख्खा भाग बदला, नाहीतर गाडी भंगारात द्या." पांढरकवड्याला हायवेवर परसराम नावाचा मिस्त्री आहे, ट्रकांचे गंजलेले नट लोण्यातून केस काढावा तसे काढतो, असं शेजारच्या एसटी ड्रायव्हरनं सांगितलं. म्हणून ही वारी.

घाटंजीपर्यंत झकास गेले. गाडी बंद करायची नाही, हा नियम. घाटंजीच्या स्टँडसमोर चहा प्यायले तो खिडकीतून, इंजिन सुरू ठेवून. चहावाला म्हणाला, "बाई, बँक लुटून आल्या काय?" मी म्हटलं, "अजून जायचंय."

पुढे रस्ता सागाच्या जंगलातून जातो. साग फुलला होता, डोक्यावर पांढरट तुरे. मध्येच कपाशीची वावरं (शेतं), हिरवी खरी, पण पाती (फुलांच्या कळ्या) गळालेली. आणि जिकडेतिकडे बैल! कुणी नाल्यावर धुतोय, कुणी शिंगांना रंग लावतोय. एका वळणावर पाच-सहा जोड्या आडव्या आल्या, मी थांबले, आणि थांबताच गाडी फुस्स झाली.

एक म्हातारबा बैलाची पाठ चोळता चोळता जवळ आले. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कापसावर लिहाले आल्या काय?"

"नाही हो."

"मंग पंचनाम्याच्या?"

"गाडी बंद पडलीय माझी."

"अस्सं!" ते एकदम खूश झाले. "तसं सांगा ना. या सालात पांढरी गाडी आली का आमी समजतो, कोणीतरी इचाराले आलं, घरात कोण मेलं म्हणून. बसा सावलीत. तुमची गाडी थंडी होते तवर माहा बैल सजते."

पाऊण तास त्यांच्या बैलाच्या शिंगांना मी बेगड चिकटवली. मग गाडी सुरू झाली.

पांढरकवड्याला पोचले तो साडेअकरा. परसरामचं दुकान बंद, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, तो तांड्यावर आहे, दोन मैल आत. पोळ्याला रस्ता मोकळा मिळेल एवढाच हिशेब मी केला होता. मिस्त्रीही मोकळा असेल की नाही, हे डोक्यातच आलं नाही. शहरात राहून अक्कल अशी जाते.

तांड्यात शिरले आणि पटापट दोन दारं लागली. तिसऱ्या घरासमोर एक म्हातारी बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. हातभर पांढरी बलोती (बंजारा बायकांच्या बांगड्या), डोळे असे की गाडीच मागे सरकावी.

"कोनत्या चॅनलची व तू?" तिनं विचारलं. "इथं रडनारं कोनी नाही. आज सन हाय आमचा. पुढच्या गावात जा."

"मी रडवायला नाही आले, बाई. गाडी रडतेय माझी. परसराम मिस्त्री पाहिजे."

तिनं मागे वळून हाक मारली आणि हसू दाबत मला खाट दाखवली. ती परसरामची आई. सगळा तांडा तिला याडी (आई) म्हणतो, मीही म्हणायला लागले.

परसराम आला. चाळिशीचा, नवा सदरा, कपाळावर कुंकू. बॉनेट उघडून त्यानं वाकून पाहिलं, जीभ टाळूला लावून 'च्च' केलं. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून सरळ उभा राहिला.

"निघते हा. पण आज नाही. उद्या या."

"उद्या गाडी माझी नसेल," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

तो अवघडला. "मावशी, आमचे पणजोबे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरत. आता बैल गेले, माहे पाने राह्यले. मी पोळ्याले पान्यायले आराम देतो. काल संध्याकाळी तेल पुसून सांगतलं त्यायले, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या कानात हे आमंत्रण सांगतात.) "आता पूजेतून कसा उचलू?"

त्याच्या घरात खरंच पाटावर सगळे पाने मांडलेले होते, हळदकुंकू लावलेले, पुढे पोळी. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी डिकी उघडली.

"तुझे पाने निजू दे. माझ्याजवळ एक स्क्रू पाना आहे, पकड आहे, विळीला धार लावायची कानस आहे. माझ्या हातांना कुणी आवतन दिलेलं नाही. तू सांग, मी करते."

"तुमी?"

"का? चौपन्नाव्या वर्षी गाडी शिकले, आता नट नाही फिरवू शकत?"

याडी खाटेवरून म्हणाली, "सांग ना रं! तोंडाले काय पोळा हाय?"

मग असा तमाशा झाला की विचारू नका. परसराम हात पाठीमागे धरून बोलतोय, मी पदर खोचून इंजिनात डोकं घातलेलं, आणि मघाशी लागलेली दारं उघडून सगळ्या बाया गोळा झालेल्या.

आधी इंजिन निवू दिलं. रेडिएटरचं झाकण फडक्यानं काढलं, थोडं पाणी खाली घमेल्यात सोडलं, सेन्सरची वायर उपटली. मग कानशीनं त्या गोल झालेल्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू घासून सपाट केल्या. पितळच ते, नरम. अर्धा तास घासलं. पाना बसला. मी जोर लावला.

"थांबा!" परसराम ओरडला. त्याचे हात पाठीमागून सुटले होते, ते त्यानं परत बांधले. "असा जोर लावाल तर मुंडकं हातात येईल आन् बूड अंदर राहील. मंग खरंच भंगार. बैलाचा खांदा आखडला तर काय करता? मारता काय?"

"शेकते," मी म्हटलं.

"तेच सांगून राह्यलो मी."

काल तांड्यातल्या बैलांचे खांदे शेकले, तशीच तयारी याडीनं केली. चुलीवर पाणी उकळलं. गरम पाण्यात पिळलेली फडकी मी सेन्सरभोवती गुंडाळत राहिले. गार झालं की दुसरं. मधे मधे रॉकेलचे थेंब आट्यांच्या तोंडाशी सोडायचे आणि कानशीच्या लाकडी मुठीनं हळूच ठोकायचं. याडी कालची तूप-हळदीची वाटी आणि पळसाचं पान घेऊन आली.

"याडी, तूप नाही लागत त्याले!"

"तुले काय मालूम? तुले मीच शिकवलं चालाले." आणि तिनं बोटभर तूप लावलंच.

दोन तास आम्ही शेकत होतो. मधल्या वेळात गळवाणी (गुळाच्या पाण्यात कणिक शिजवून केलेलं पातळ गोड) प्यायले, वडे खाल्ले. एका तरुण सुनेनं विचारलं, "विकली तर काय होते व मावशी? लेक नेते ना तुमाले सगळीकडे?" मी म्हटलं, "नेतो ग. त्याला वेळ असेल तेव्हा, त्याला जायचं असेल तिथे." तिनं माझ्या हातातलं गार फडकं घेऊन गरम दिलं.

"आता पाना लावा," परसराम म्हणाला. "सोडू नका. आधी आवळा. केसभर."

"आवळू?"

"केसभर. ज्या बाजूनं अडला, त्याच बाजूनं थोडा जाऊ द्या. मंग उलटा."

मी केसभर आवळला. मग उलटा. काही नाही. पुन्हा आवळला, पुन्हा उलटा. आतून 'कुट्' असा आवाज आला. पाना एकदम सैल फिरला होता. तुटलं, मी मनात म्हटलं, गेली गाडी. मी बोटांनी फिरवत गेले. आटे, आणखी आटे, आणि सेन्सर बुडासकट, हळदीनं पिवळा होऊन माझ्या तळहातावर आला.

बायांनी असा गलका केला की बैलांनी माना वर केल्या. नवा सेन्सर मी हातानंच बसवला, शेवटी थोडा आवळला, पाणी भरलं. परसरामला काय द्यायचं विचारलं तर तो भडकला. "मी हात लावला काय? पोळ्याच्या दिवशी कोनी मजुरी घेते?" याडीनं डब्यात वडे भरून दिले आणि म्हणाली, "चॅनलवाल्यायले सांगजो, इथं बायका इंजिन खोलते म्हना. ते नाही दाखवत कोनी."

परतीच्या वाटेवर एका गावात रस्त्यावरच तोरण बांधलेलं, खाली बैलांची रांग. "गाडी बंद करा, बैल बिचकते," पोरं म्हणाली. इंजिन पुरतं तापलेलं. मी किल्ली फिरवून बंद केली आणि हात मांडीवर दाबून बसले. तेवढ्यात एका गड्यानं झडती (पोळ्यात म्हणायची चिमटेदार कविता) म्हटली.

"कापूस आमचा चांदीवानी,
भाव त्याले मातीवानी,
साहेब आले, फोटो नेले,
बैल आमचे राजावानी!"

"हर बोला, हर हर महादेव!" सगळं गाव गरजलं, मीही काचेआडून गरजले. तोरण तुटलं, बैल धावले. मी किल्ली फिरवली. अर्ध्या फेऱ्यात सुरू! मला रडू आलं, पण याडीनं ताकीद दिली होती, म्हणून नाही रडले.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळला नव्हता. ओट्यावर सुधीर आणि गिऱ्हाईक चहा पीत होते.

गिऱ्हाईक हुशार. म्हणाला, "मावशी, बंद करून परत चालू करा बरं." केली. पुन्हा म्हणाला, पुन्हा केली. मग त्यानं सुधीरला हळूच सांगितलं, "थोडं वाढवून देतो."

"आता?" मी खाली उतरत म्हटलं. हात रॉकेलचे, पदर हळदीचा. "आता तर मुळीच नाही. चहा घ्या, वडे खा आणि या."

मी पुष्कळ विचार केला त्यानंतर. बरं न होणारं काहीच नव्हतं गाडीत. एकानं चुकीचा पाना लावला आणि दोष वयाला दिला, एवढंच. त्या तांड्याबद्दलही असंच, गाड्या घेऊन येणाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं की तिथे काय पाहायचं. मी तिथे एक सण पाहिला, आणि ज्या लोकांनी आधी मला हाकललं, तेच मला गरम फडकी देत उभे राहिलेले पाहिले.

सुधीर बराच वेळ बॉनेट उघडून आत बघत होता. मग म्हणाला, "आई, पुढच्या वेळी एकटी नको जाऊस. मी येत जाईन सोबत."

"ये की," मी म्हटलं. "मागे बस."