दोरीच्या आतली रोपं

जबलपूरपासून दोन तासांवर, मंडल्याच्या रस्त्याला, जंगलात आमचं संशोधन केंद्र होतं. केंद्र कसलं, पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक हातपंप. तोडलेलं जंगल आपसूक परत उगवतं का, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी मी सालवृक्षांखाली दोरी बांधून लहान लहान चौकटी आखल्या आणि आतल्या प्रत्येक रोपट्याला नंबराचा बिल्ला लावला. दर पंधरा दिवसांनी गुडघे टेकून उंची मोजायची, चार वर्षं. माझी अख्खी पीएचडी त्या रोपट्यांच्या जिवावर होती.

सालाचं रोपटं उन्हाळ्यात वरून वाळतं, पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटतं. माझी फुटेनात. पहिल्या वर्षी मी उन्हाला बोल लावला, दुसऱ्या वर्षी शेळ्यांना. तिसऱ्या वर्षी तर पत्रावळीची पानं तोडायला येणाऱ्या गावच्या बायकांशी कचाकचा भांडले. बिचाऱ्या मुकाट्यानं लांबून जायला लागल्या.

घरी गेले की बाबा दारातच विचारायचे, "काय म्हणून राहिलं तुझं जंगल?" सगळा जन्म फॅक्टरीत गेलेला माणूस, पोरगी जंगलावर शिकते याचं त्यांना कोण कौतुक!

"वाढून राहिलं, बाबा," मी ठोकून द्यायची.

चौथ्या वर्षी एका चौकटीत नुसते बिल्लेच उरलेले पाहून मी रडायलाच बसले. उंची मोजायचा फीता धरायला गावातले एक म्हातारे दादा सोबत असायचे. ते दोरीबाहेर उभे होते. म्हणाले, "दीदी, इधर तो बहुत हैं."

खरंच होती. गुडघ्याएवढी, हिरवीगार.

"पहले काहे नहीं बताया?" मी त्यांच्यावर खेकसले.

"आप ही बोली थीं, रस्सी के अंदर का देखना है."

मग त्यांनी वाकून आतल्या मातीवर बोट दाबलं. आमच्या पायांनी आणि गुडघ्यांनी ती अंगणासारखी टणक झाली होती. अरे देवा! ऊन नाही, शेळ्या नाहीत, त्या बायका तर नाहीतच. मीच.

पीएचडीच्या माझ्या सरांना फोन केला. "अच्छा," ते म्हणाले. "पण शेवटची नोंद तर घ्यावीच लागेल. नाहीतर चारही वर्षं वाया."

सगळ्या चौकटींत मिळून एकच रोपटं जिवंत निघालं. दोन तांबूस पानं नुकतीच फुटलेली. फीता लावायचा तर त्याच्या मुळाशीच बसावं लागणार होतं. मी बूट काढले, जणू त्यानं काही फरक पडणार होता, आणि आत गेले. गुडघे टेकले. उंची चार बोटं भरली, ती वहीत लिहिली.

पुढच्या महिन्यात दोऱ्या सोडायला गेले, तेव्हा तिथं नुसता बिल्ला होता.