गंगूमावशींनी सोडलेलं मटण

रिहे खोऱ्यात मटण रांधावं ते गंगूमावशींनीच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. आणि मावशी स्वतः त्यातला एक तुकडाही तोंडात घालत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी नातू गोरख तापानं फणफणला, तेव्हा त्यांनी वाघजाई देवीच्या नावानं मटण खाणं सोडलं होतं. पोर बरं झालं. तेव्हापासून दर जत्रेला त्यांची सून दीपाली सगळ्यांदेखत त्यांच्या पायावर डोकं ठेवते. मीही एकदा भारावून पाया पडले होते.

मी मूळची परभणीची. हिंजवडीत नोकरी, पण आठवड्यातले चार दिवस घरून काम, म्हणून रिह्यात शेताच्या कडेला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मावशी रोज सकाळी वरच्या वाडीतून उतरतात, माझं दोन वेळचं रांधतात, माझ्या केसांना नावं ठेवतात आणि उन्हं कलली की परत जातात.

एकदा मीटिंग अर्ध्यात संपली म्हणून मी पाणी प्यायला आत गेले. मावशी भिंतीकडे तोंड करून चहात बुडवलेली भाकरी खात होत्या. दचकून वळल्या आणि घरीदारी कायम तोंडावर असणारा पदर सरकला. वर दोन दात, खाली एकही नाही.

"कुनाला बोलू नगा ताई," त्या म्हणाल्या. एवढी दणकट बाई, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

मग थोडं थोडं बाहेर आलं. गोरखच्या तापाच्या वर्षीच त्यांच्या दाढा गेल्या होत्या. पंगतीत सुनेसमोर हिरड्यांनी चघळत बसायचं, चोथा काढून पानाच्या कडेला ठेवायचा, या विचारानंच त्यांना घाम फुटला. पोर बरं झालं तेव्हा तोंडातून निघून गेलं, देवीला सोडलं म्हणून. कवळी करून पाहिली, तर बोलताना ती खाली यायची. आता ती डबीत पडून आहे.

"खावंसं वाटतं का?" मी विचारलं.

"सपनात खाते की," त्या खुलल्या. "सपनात दात असत्यात मला. सगळे. लई येळ खाते, नळीबी सोडत न्हाई. मग कोंबडा आरवतो."

माझा स्वभाव वाईट आहे. कुणाचं दुःख दिसलं की मी काहीतरी ऑनलाइन मागवते. चौथ्या दिवशी स्लो कुकर दारात हजर झाला.

दिवाळी नुकतीच सरली होती. खोऱ्यात भातकापणी चाललेली, आणि रविवारची सकाळ धुक्यात अशी बुडालेली की समोरचा डोंगर कुणी रात्रीतून उचलून नेला असावा. मी पिरंगुटहून बोकडाचा सीना आणला. छातीचा तो भाग चिवट, चरबीचे पदर असलेला. लोक तो टाळतात, पण मंद आचेवर तासन्‌तास ठेवला तर लोण्यासारखा होतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मावशींनी हळद, मीठ, आलं-लसूण चोळून तो कुकरमध्ये ठेवला, भाजल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घातलं, आणि कुकरकडे अविश्वासानं पाहिलं.

"ह्यात जाळ कुटं हाय?"

"जाळ नाहीच. आठ तास लागतील. झाकण उघडायचं नाही."

मी आंघोळीला गेले आणि परत येऊन पाहते तर काचेचं घुमटासारखं झाकण उलटं ठेवलेलं, आणि त्याच्या खोलगट भागात मावशींनी तांब्याभर पाणी ओतून ठेवलेलं. मी तडकले. "मावशी! मी काय सांगितलं होतं?"

"पान्याबिगर झाकन?" त्याही तडकल्या. "मटनात गार पानी घालायचं का मग? झाकनावरचं तापलेलंच घालत्यात. तुमच्या आईनं शिकवलं न्हाई का?"

माझी आईही तेच करते.  कुकरच्या पुस्तिकेत असलं काही लिहिलेलं नव्हतं, कारण लिहिणाऱ्याला आपल्या आया ठाऊक नव्हत्या. पाणी राहू दिलं. आठाचे नऊ तास झाले, एवढंच.

तो दिवस मला अजून नीट आठवत नाही, म्हणजे क्रमानं आठवत नाही. धुकं उठलं की उठलंच नाही, कोण जाणे. बारा वाजता खोलीत मसाल्याचा वास शिरला आणि मग आम्ही दोघी त्या वासातच राहत होतो. मावशी भिंतीला टेकून बोलत होत्या. लहानपणी बापानं पाठीवर बसवून ओढा पार केला होता तो, नवरा पहिल्यांदा दिसला तेव्हा झाडावर चढलेला होता तो, मेलेल्या बहिणी, हरवलेली शेरडं. मी झोपले, जागी झाले, त्या बोलतच होत्या. परत झोपले तर माझ्या स्वप्नातही त्याच बोलत होत्या, आणि तिथं त्यांना सगळे दात होते.

पाच वाजता झाकण काढलं. चमचा टेकवला आणि तुकडा आपोआप उलगडला. मी वाटी भरून त्यांच्यापुढे धरली. घरात आम्ही दोघीच, दार लोटलेलं. मला वाटलं होतं तसंच सगळं जुळून आलं होतं.

मावशींनी वास घेतला. डोळे मिटले. मग वाटी खाली ठेवली.

"न्हाई जमायचं."

"मऊ आहे हो! बघा तरी."

"मऊ हाय, दिसतंय मला. पर खोटं का होईना, तिच्या नावानं सोडलंय. नऊ वर्सं तिनं खरं धरून ठिवलं असंल. आता चोरून खाल्लं तर पोराला काय झालं म्हंजी?"

 देवीबिवी मी मानत नाही, असं पुण्यात चारचौघांत म्हणते. त्या स्वयंपाकघरात म्हणवलं नाही.

मावशींनी पदर नीट डोक्यावर घेतला. मग वाटीवर ताटली झाकून उठल्या. आम्ही बांधावरून वाघजाईच्या ठाण्याकडे निघालो. ऊन मऊ झालं होतं, कापलेल्या भाताचा वास पायापाशी रेंगाळत होता. ठाणं म्हणजे झाडाखाली शेंदूर लावलेले तीन दगड. मावशींनी वाटी पुढे ठेवली आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या.

"बये, तुज्यासाठी न्हाई सोडलं मी. दात पडले म्हनून सोडलं. लाज वाटली. तुजं नाव मधी घातलं, ते चुकलं. पोराला काय करू नगंस. हा निवद घे."

झालं, मला वाटलं. पण त्या वळल्या आणि पलीकडच्या खाचरात पेंढ्या बांधणाऱ्या सुनेला हाक मारली. "दीपाले, हिकडं ये!"

"तिला कशाला?" मी कुजबुजले.

"फशिवलं तिला. देवीला न्हाई, ती समदं बघतीच."

दीपाली विळा घेऊन आली. मावशींनी मान खाली घालून तिलाही तेच सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

"म्हंजी आत्या," दीपाली सावकाश म्हणाली, "माज्या गोरखासाठी सोडलं न्हाई तुमी?"

"न्हाई."

"आन मी दरसाल पाया पडतीया."

"व्हय."

दीपालीचा चेहरा लाल झाला. ती वाटीकडे पाहत राहिली, मग सासूच्या पदर धरलेल्या हाताकडे. मावशींनी पदर तोंडावर गच्च दाबून धरला होता. त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि हे सगळं मी आरंभलं म्हणून माझा मलाच राग आला.

दीपालीनं विळा बांधावर ठेवला. बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले. देवीपुढची वाटी उचलून कपाळाला लावली आणि सासूसमोर मांडी घालून बसली. एक तुकडा घेतला, चिमटीत धरून त्याचे बारीक बारीक धागे केले.

"नऊ वर्सं जत्रंत तुमच्या म्होरं बसून खाल्लं मी," ती म्हणाली. तिचा आवाज चिडलेलाच होता, आणि डोळे भरून आले होते. "येका शब्दानं सांगायचं व्हतं. आ करा."

गंगूमावशींनी पदर सोडला आणि आ केला.