बसशिवायची रांग

एका माणसाचा निरोप दुसऱ्याला पोचवायचा तर मध्ये तिसरा माणूसच लागतो, आणि तो तिसरा माणूस आपणच, असं मानणारे अख्ख्या गिरगावात आता एकच गृहस्थ उरले आहेत. ते नेमके माझे मामेसासरे आहेत. म्हणजे बायकोचे सख्खे मामा. वाडी त्यांना नुसतं मामा म्हणते. गोदीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, मामीही गेल्या, आणि तेव्हापासून त्यांचं घर म्हणजे चपला काढायची आणि पुन्हा घालायची जागा आहे. मी एकदा हौसेने त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि वाडीच्या ग्रुपवर घातलं. चार दिवसांत ग्रुप हादरला. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांनी पाण्याच्या वेळेच्या मेसेजवर नुसता अंगठा टाकला, तर हे दोन जिने चढून त्यांच्या दारात उभे. "अंगठा दाखवलात तो कोणाला? मला की पाण्याला?" सकाळी कोणी फुलांचं चित्र पाठवलं, की हे त्याच्या घरी जाऊन "तुम्हालाही शुभ सकाळ" म्हणणार आणि चहा घेऊनच उठणार. शेवटी लोकांनी धसका घेऊन चित्रं पाठवणंच बंद केलं. मामांचे वाडीवर अनेक उपकार आहेत, त्यातला हा पहिला.

मग थांब्याचं प्रकरण उद्भवलं. वाडीच्या तोंडाशी असलेला बसथांबा रस्ता खणायचा म्हणून दोन सिग्नल पुढे नेला. रस्ता खणून झाला, बुजवून झाला, थांबा मात्र तिकडेच रमला. आमच्यासारख्यांचं काही अडत नव्हतं, चार पावलं जास्त चालायची. पण शेजारच्या सिल्व्हिया आंटी ऐंशीच्या पुढच्या, हातात काठी. दर गुरुवारी त्या दादरला धाकट्या बहिणीकडे जात. बहीण अंथरुणाला खिळलेली, ऐकू येणं बंद झालेलं, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य. जाऊन तिचा हात हातात घेऊन बसायचं, एवढाच त्या दोघींचा संवाद. मधले दोन मोठे चौक आंटींना ओलांडवेनात. तीन गुरुवार त्या खिडकीत बसून राहिल्या.

मी काही स्वस्थ बसलो नव्हतो. ऑनलाइन अर्ज तयार केला, आंटींच्या काठीचा फोटो टाकला, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं लिहिलं. आठवड्याभरात शेकड्यांनी सह्या! छाती फुगवून मामांना दाखवायला गेलो. त्यांनी चष्मा लावून यादी वाचायला घेतली.

"हे कोण?"

"माझा मित्र. टोरांटोला असतो."

"छान. मग गुरुवारी सकाळी साडेनऊला येतायत ना थांब्यावर?"

"मामा, ते तिकडूनच आपल्या पाठीशी उभे आहेत."

"मी पाठीमागे बघतोय, जावईबापू," मामा खरोखरच वळून बघत म्हणाले, "तुमच्याशिवाय कोणी दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी घरातली लाकडी खुर्ची उचलली, जुन्या थांब्याच्या जागी फुटपाथवर ठेवली, तिच्यावर आंटींना बसवलं आणि आपण त्यांच्या मागे उभे राहिले. ना फलक, ना घोषणा. दोन बसगाड्या समोरून निघून गेल्या. मी लाजेने पलीकडच्या फुटपाथवरून जात होतो. तिसऱ्या दिवशी मात्र दोन कॉलेजच्या मुली आल्या आणि काही न विचारता मामांच्या मागे उभ्या राहिल्या. मग एक टायवाला. मुंबईचा माणूस देवावर विश्वास ठेवील न ठेवील, रांगेवर ठेवतोच. वीस माणसं उभी आहेत म्हणजे काहीतरी येणार, ही त्याची श्रद्धा. बस येत नाही हे कळल्यावरही माणसं दुसऱ्या दिवशी येत राहिली, कारण तोवर मामांनी त्यांच्या ओळखी करून दिलेल्या असत. टायवाल्याच्या आईला मोतीबिंदू आहे आणि मुलींपैकी एकीचे काका डोळ्यांचे डॉक्टर आहेत, हे फुटपाथवर दहा मिनिटांत बाहेर आलं. आमच्या ग्रुपवर ते दहा वर्षांत आलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यात बस थांबली. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ, इथे स्टॉप नाय!"

"मग गाडी कशी उभी राहिली?" मामांनी विचारलं.

ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओशाळून हसला. "लाइन दिसली ओ काका. पाय आपोआप ब्रेकवर गेला."

पुढे रोजच पाय ब्रेकवर जायला लागला, तेव्हा चौकशीला तपासनीस आले. ते तडक पुढे येऊन विचारायला लागले, "हे काय चाललंय?" मामांनी नम्रपणे हात जोडले. "साहेब, शेवट तिकडे आहे." आणि काय सांगू, ते साहेब मुकाट्याने मागे जाऊन शेवटी उभे राहिले! रांग सरकत सरकत ते पुढे पोचेपर्यंत प्रत्येकाने त्यांना आपापली कहाणी सांगितली होती आणि आंटींनी बहिणीचा फोटो दाखवला होता. जाताना वहीत त्यांनी काहीतरी खरडलं. महिन्याभरात थांब्याचा खांब परत आला.

तोही गुरुवारच होता, आणि मी नेहमीसारखा पलीकडच्या फुटपाथवरून बघत होतो. आंटींनी घरी केलेला केक आणला, टाळ्या वाजल्या, तेवढ्यात बस आली. कंडक्टरने आंटींचा हात धरून त्यांना वर घेतलं. मागोमाग मुली चढल्या, टायवाला चढला. एका मिनिटात फुटपाथ रिकामा.

खिडकीतून आंटी ओरडल्या, "मामा, तुमी पन या नी!"

"माका खंय जावचा आसा?" आपल्याला कुठे जायचंय, असं गावाकडच्या बोलीत विचारून मामांनी हसून हात हलवला.

बस वळणावरून दिसेनाशी झाली. मामा तिथेच खांबाला हात लावून उभे होते. इतके दिवस मला वाटत होतं ते आंटींसाठी उभे राहतायत. होतेच. पण सकाळी साडेनऊला वीस माणसं नाव घेऊन आपली विचारपूस करतात, हे सुखही त्यांना मामींनंतर पहिल्यांदाच मिळत होतं. आणि ज्या बससाठी त्यांनी ती माणसं जमवली, तीच बस येऊन सगळ्यांना घेऊन गेली. आता ती रोज वेळेवर येणार होती, रांगेत रेंगाळायला कोणाला वेळच उरणार नव्हता.

"बरा झाला," मला बघून मामा तिथूनच म्हणाले, "गाडी वेळार इली."

माझं ऑफिस उलट्या दिशेला, चालत दहा मिनिटांवर. उशीरही झाला होता. पण मी रस्ता ओलांडून गेलो आणि पुढची बस येईपर्यंत मामांच्या मागे उभा राहिलो.